बाकावर विकलं गेलेलं घर

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मला घराबाहेर काढण्यात आलं... माझ्याच घरातून. काढणारा होता आमचा एजंट, रमणा.

सिकंदराबादजवळच्या तारनाक्याचा आमचा हा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. बांधली तेव्हा लिफ्ट लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं, सगळेच तरुण होतो. आता आमच्या सौ.चे, सुमनचे, गुडघे पार गेलेत. गेल्या दिवाळीपासून ती खाली उतरली ती फक्त दवाखान्यासाठी, तीही खुर्चीत बसवून दोघांनी उचलून नेली म्हणून.

शेवटी पुण्याला मुलीजवळ राहायला जायचं ठरलं. तिच्या सोसायटीत लिफ्ट आहे. मग घर विकायला काढलं आणि रमणाशी ॲग्रीमेंट केलं... तीन महिने विक्री फक्त त्याच्यामार्फत, मी परस्पर गिऱ्हाईक आणलं तरी कमिशन त्याचं. चष्मा पुसून, नीट वाचून सही केली.

पण माझा स्वभाव आडवा आला. पार्टी घर बघायला आली की मला राहवत नाही. हिवाळ्यात ऊन कुठल्या खिडकीतून येऊन कुठवर सरकतं, पहाटे सिकंदराबादकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी कशी ऐकू येते, हे सगळं सांगत बसतो. मध्येच शाळेत पाठ केलेल्या एखाद्या कवितेची ओळ निघून जाते... आणि पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल धरते, हेही सांगून टाकतो.

पार्टी आपसात तेलुगूत काहीतरी बोलते. दरवाजा पूर्वेला आहे का, कार कुठे लावायची, एवढं विचारते आणि निघून जाते. बऱ्याच पार्ट्या अशा गेल्यावर रमणाने माझ्यापुढे हात जोडले.

"सर, आप बहुत अच्छे आदमी है. पार्टी आई तो आप जरा बाहर जाके बैठो."

सुमन आतल्या खोलीत हसत होती. म्हणाली, जा खुशाल, मी दाखवते.

गेलो. खरं सांगायचं तर मीही थकलो होतो... आपलंच घर अनोळखी लोकांच्या नजरेने रोज बघायचं, याचाही शीण येतो. युनिव्हर्सिटीच्या आवारात एका बाकावर जाऊन बसलो.

शेजारी चाळिशीचा एक गृहस्थ फिरून दमून बसला होता. श्रीनिवास त्याचं नाव, नोकरी रेल्वेत. मीही रेल्वेच्या ऑफिसातूनच रिटायर झालेलो, त्यामुळे गप्पा लगेच जमल्या. एवढ्या सकाळी एकटेच का बसलात म्हणून त्याने विचारलं, आणि मी सुरू झालो. इथे अडवायला रमणा नव्हता... ऊन, गाडीची शिट्टी, भिंतीची ओल, सगळं सांगून झालं.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग ती भिंत दुरुस्त करायला नक्की काय करावं लागेल, एवढंच विचारलं. माझ्या लक्षात आलं, हा माणूस घर घेणार.

दोन दिवसांनी तो बायकोला घेऊन आला. दोघांनाही घर आवडलं, किंमतही पटली. मी त्यांना सोडायला खाली गेलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "अंकल, आपका वो कागज कब खतम होता? उसके बाद करेंगे ना. बीच में एजंट कायको?"

अजून दोन महिने बाकी होते. मी लगेच हो म्हटलं. इतकं लगेच, की जिना चढताना माझं मलाच नवल वाटलं. किती दिवसांनी पाय हलके वाटत होते...

सुमन कोथिंबीर निवडत होती. तिला सगळं सांगितलं. दोन महिने थांबलो की कमिशनही वाचेल, घाई कसली. तिने मान वर केली नाही.

"अहो, कमिशन वाचवायचंय की इथे आणखी दोन महिने राहायचंय?"

मी चपला काढून ठेवायला वळलो.

"राहायचं असेल तर तसं सांगा. मी राहीन. पण कमिशनचं निमित्त नको."

गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा राहिलो. तिने एका वाक्यात पकडलं होतं मला. काटकसर वगैरे काही नव्हती हो... मला हे घर सोडायचं नव्हतं, आणि श्रीनिवासने त्यासाठी एक व्यवहारी कारण आयतं हातात दिलं होतं. मी रोज जिना उतरून ऊन खाऊन येणार, आणि ती वरून बघणार.

मग रमणाला फोन लावून खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "पार्टी आपने लाई सर... लेकिन कागज तो कागज है." मी म्हटलं, म्हणूनच फोन केला. पुढे श्रीनिवासला त्यानेच समजावलं, बँकेचं आणि रजिस्ट्रेशनचं सगळं त्यानेच धावपळ करून मार्गी लावलं. कमिशन त्याने सोडलं नाही, मीही सोड म्हटलं नाही.

आता सामान बांधणं चाललंय. कपाटं रिकामी होतायत आणि बोललं की खोल्यांत आवाज घुमतो. मन लागत नाही कशात.

काल सहज सुमनला विचारलं, पुण्याला गेल्यावर पहिल्यांदा काय करशील? मला वाटलं, नातीचं नाव घेईल, नाहीतर तिथल्या डॉक्टरांचं.

"खाली जाईन," ती म्हणाली. "एकटी."

एवढंच हवं होतं तिला... आणि ते न मागता ती माझ्यासाठी आणखी दोन महिने वर बसून राहायला तयार होती. चाळीस-एक वर्षांच्या संसारात तिचे आभार मानायचे राहूनच गेलेत. समोर बोलायला जमत नाही, म्हणून इथे लिहितोय.