लेखी द्या, मग सोडते

तिला सगळे पट्टीमावशी म्हणत. महामार्गावर पांढऱ्या रेघेपलीकडे जी मोकळी डांबरी पट्टी असते, कुणी तिला शोल्डर म्हणतं, तिच्यावरच मावशीची सगळी नोकरी चाले. कागदोपत्री हुद्दा ‘गस्तवाहन चालक’. पिवळी व्हॅन, मागे नारिंगी शंकूंची चळत, दोन लाल त्रिकोण, एक खराटा आणि वायरलेस. सकाळी सहा ते दुपारी दोन. फुटलेल्या टायरचे तुकडे उचलायचे, बंद पडलेल्या गाड्यांना आडोसा द्यायचा आणि माणसांना हाकलायचं, तेही त्यांच्याच गाडीतून.

कारण गाडी बंद पडली की लोक हमखास दोन गोष्टी करतात. गाडी अर्धी रेघेवर ठेवतात आणि आत बसून राहतात.

“उतरा,” मावशी काचेवर टकटक करून सांगे.

“अहो, टोचनवाला येतोय. बसतो ना आत. बाहेर ऊन आहे.”

“पाणी देते. पण उतरा. रस्त्याच्या बाजूनं नाही, त्या बाजूनं. आधी आजींना उतरवा. कठड्यापलीकडे उभं राहायचं, आणि गाडीच्या पुढे नाही, मागच्या अंगाला. कुणी ठोकली तर गाडी पुढेच जाणार ना?”

लोक कुरकुरत उतरत. उन्हात उभे राहून तिला मनातल्या मनात शिव्याही देत असतील. तिला त्याचं काही वाटत नसे. गोड बोलून माणसं उतरत नाहीत, हे ती पहिल्या महिन्यातच शिकली होती.

या नोकरीत ती आली थोरल्या भावामुळे. दादा ट्रकचा मेकॅनिक. अठरा वर्षांपूर्वी याच पट्टीवर एका ट्रकचा टायर बदलत होता. चारी इंडिकेटर चालू, त्रिकोण लांबवर ठेवलेला, सगळं जिथल्या तिथं. पुढे रस्ता तुंबला होता. रांगेत थांबायचा कंटाळा आलेली एक मोटार पट्टीवर चढली आणि सुसाट आली. दादाचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. “मला वाटलं, पट्टी मोकळी आहे,” असं तो मोटारवाला कोर्टात म्हणाला. दादा हे वाक्य अजून हसत हसत सांगतो. “त्याला वाटलं. वाटण्याला काय, कुणाच्या बापाचं जातं?” मावशीला मात्र कधी हसू आलं नाही. ती तेव्हा शाळेची व्हॅन चालवायची. वर्षभरात तिनं गस्तीच्या नोकरीसाठी अर्ज केला.

त्या मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला पुलाजवळच्या वळणावर तेलाचा टँकर आडवा झाला. ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला. वायरलेसवर खबर आली तेव्हा मावशी चार किलोमीटर मागे होती. रस्ता भराभर तुंबत होता. आता क्रेन आणि रुग्णवाहिका पोचणार ती या पट्टीवरूनच, आणि पट्टीवर एक मोटार चढली की मागे पन्नास चढतात. मेंढरं परवडली. तिनं व्हॅन पट्टीवर आडवी घातली, शंकू मांडले आणि हातात लाल झेंडी घेऊन उभी राहिली.

पहिल्या चार-पाच मोटारी हॉर्न वाजवून, हातवारे करून परत रांगेत घुसल्या. मग एक लांबलचक काळी गाडी आली. ती घुसली नाही. मागचं दार उघडून एक गृहस्थ उतरले. मावशीनं त्यांना ओळखलं. हजेरीची वही ठेवतात तिथल्या भिंतीवर त्यांचाच फोटो होता. हा रस्ता ज्या कंपनीच्या ताब्यात, तिचे मोठे साहेब.

“गाडी बाजूला घ्या,” साहेब म्हणाले.

“पुढे अपघात आहे, साहेब. पट्टी मोकळी ठेवायचीय.”

“मला माहितीये. मी कोण आहे, माहितीये ना?”

“हो. रोज बघते.”

“मग? या रस्त्याचे नियम आमच्या ऑफिसातच ठरतात.”

“मग तुम्हाला ते पाठ असतील,” मावशी म्हणाली.

पाण्यात राहून माशाशी वैर, आणि मासा साधासुधा नव्हता. पण पाय हलले नाहीत, एवढं तिला नंतर पक्कं आठवत होतं.

साहेबांनी फोन लावला. दोन मिनिटांत वायरलेस खरखरला. सुपरवायझर होता. भला माणूस, पण वरून फोन आला की त्याची बोबडी वळायची.

“मावशी, सोडा त्यांना. एकच गाडी आहे.”

“सोडते. लेखी द्या.”

“आता लेखी कुठून देऊ?”

“मोबाइलवर पाठवा. एवढंच लिहा, अपघात झालेला असताना पट्टी खासगी गाडीला मोकळी करून द्यावी. खाली तुमचं नाव.”

मोबाइलवर काही आलं नाही.

पाच-सात मिनिटांनी मागून सायरन ऐकू आला. मावशीनं शंकू ओढले, व्हॅन सरळ करून कडेला दाबली. काळी गाडीही वाट द्यायला अर्धी रांगेत घुसली. रुग्णवाहिका सणसणत गेली. आणि तिच्या शेपटाला धरून काळी गाडी सरकली. मावशीनं मागचापुढचा विचार न करता व्हॅन पुन्हा आडवी घातली. कर्रर्र आवाज झाला. काळ्या गाडीच्या बंपरवर हातभर लांब पिवळा ओरखडा उठला.

“तुझी नोकरी गेली समज,” साहेब काच खाली करून म्हणाले. ‘तुम्ही’ केव्हाच संपलं होतं.

“गेली तर गेली. क्रेन अजून यायचीय. तुमच्या ड्रायव्हरला गाडी रांगेत घ्यायला सांगा.”

क्रेन बारा मिनिटांनी आली आणि न अडखळता गेली. साहेब दीड तास सगळ्यांबरोबर रांगेत बसले. शेजारच्या ट्रकमधला क्लीनर वरून त्यांच्याकडे बघत निवांत केळी खात होता.

टँकरच्या ड्रायव्हरला पत्रा कापून बाहेर काढलं. दोन बोटं गेली, माणूस राहिला. दादानं म्हटलं, जाऊन बघून ये त्याला. मावशी गेली नाही. “त्याच्यासाठी केलं नाही मी. कुणीही असता तरी पट्टी अडवलीच असती.”

आठवड्यानं कारणे दाखवा नोटीस आली: उद्धट वर्तन, वाहनाचे नुकसान, आदेशाचा भंग. सुपरवायझर स्वतः घरी आला. खुर्चीच्या टोकावर बसून त्यानं घडी केलेला कागद पुढे केला.

“मी टाइप करून आणलंय, मावशी. एका ओळीचा माफीनामा. सही करा, विषय संपला.”

मावशीनं वाचून कागद दादाकडे दिला. दादानं चष्मा लावला. “‘दिलगीर’ चुकीचं लिहिलंय,” तो म्हणाला. “आणि बाकीचंही.”

मावशीनं सही केली नाही. रात्रीचं जेवण व्हायच्या आत तिनं स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं: ‘उद्धट बोलले असेन, आठवत नाही. ओरखडा माझ्या व्हॅनमुळे पडला, कबूल आहे. आदेश लेखी मागितला होता, तो अजून मिळालेला नाही. मिळाल्यास त्याचा भंग केला की नाही ते सांगता येईल.’

चौकशीला तीन माणसं बसली होती. मधल्यानं विचारलं, “पुन्हा अशी वेळ आली तर काय कराल?”

“व्हॅन जरा आधी फिरवीन. म्हणजे ओरखडा पडणार नाही.”

तिला वजनकाट्यावर टाकलं. बंद खोलीत बसून ट्रकची वजनं बघायची. खिडकीतून रस्ता दिसायचा, पट्टी दिसायची नाही. हे तिला नोटिशीपेक्षा जास्त लागलं. पण तिनं बदली रद्द करायचा अर्ज केला नाही. अर्जात विनंती करावी लागते.

तिकडे गस्तीवरच्या उरलेल्या नऊ जणांत एक नवंच खूळ शिरलं. कुणाची गाडी सोडा म्हणून वरून फोन आला की ते शांतपणे म्हणायचे, लेखी द्या. पहिल्यांदा तिच्यापेक्षा वयानं लहान अशा एका ड्रायव्हरनं म्हटलं, मग दुसऱ्यानं, मग महिनाभरात सगळ्यांनी. नोटिसा किती जणांना काढणार? पट्टीवर मग गस्तीला उरणार कोण? लेखी तर कुणीच दिलं नाही. हळूहळू फोन यायचे थांबले.

सात महिन्यांनी माणसं कमी पडली म्हणून तिला परत व्हॅनवर घेतलं. कारण म्हणून ‘प्रशासकीय सोय’ असं लिहिलं होतं. सुपरवायझरनं किल्ली दिली आणि दबक्या आवाजात म्हणाला, “मावशी, ती नोटीस अजून उघडीच आहे. दोन वर्षांत तुम्ही रिटायर होणार. एक ओळ लिहून दिलीत तर फाइल बंद करतो.”

“राहू दे उघडी,” मावशी म्हणाली. “त्रिकोण एकच दिसतोय व्हॅनमध्ये. दुसरा कुठंय?”