राहून गेलेली अट

“विचारा हो, विचारा! लाजू नका,” असं म्हणत साहेब स्क्रीनसमोरची खुर्ची पाहुण्यापुढे सरकवायचे. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा प्रोग्रामर. आल्यागेल्याला नातवाची कविता ऐकवणारे आजोबा तुम्ही पाहिले असतीलच. साहेब त्यातले.

त्यांना कौतुक होतं ऐंशीच्या सुमारास आलेल्या प्रोग्रामिंगच्या नव्या भाषेचं. जुन्या भाषेत फाइल उघडा, एकेक नोंद वाचा, तपासा, असं पानंच्या पानं लिहावं लागे. नवीत शोधायची सोय भाषेतच होती. काय हवं ते एका ओळीत सांगितलं की झालं. कॅन्टीनच्या चहावाल्यालाही ते धरून बसवत. “तुझ्या भोसरीचे इथे किती जण आहेत, बघायचंय?” बिचाऱ्याचा चहा गार व्हायचा, पण भोसरी सापडायची.

एकदा पर्सोनेलमधून, म्हणजे कामगारांच्या हजेरी-नेमणुका पाहणाऱ्या विभागातून, फोन आला. सतत गैरहजर असणाऱ्यांची नावं हवी होती. “फोन ठेवूच नका,” म्हणत साहेबांनी ओळ लिहिली. मंजूर रजा वगळायची अट मात्र राहून गेली. जुन्या पद्धतीने डोकं खाजवत बसले असते तर ती नक्की सुचली असती. मी शेजारीच उभा होतो. मी तर टाळीच दिली.

गेटवरच्या फळ्यावर नावं लागली, नोकरीवरून काढण्याच्या ताकिदीसह. दुसऱ्या दिवशी मोशीची एक बाई नवऱ्याला घेऊन गेटवर उभी. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, आमच्याच कारखान्यातल्या प्रेस मशीनखाली सापडलेला.

“ह्यांची रजा मंजूर हाय वो,” ती दिसेल त्याला सांगत होती. “आमी कामचुकार न्हाई.”

जेवायला बाहेर निघालेल्या साहेबांनी ते ऐकलं आणि ते न जेवताच परत फिरले. चुकीची नावं त्यांनी स्वतः पर्सोनेलमध्ये जाऊन काढायला लावली.

प्लास्टर निघाल्यावर तो माणूस पेढे घेऊन आला. “साहेब, तुमी नाव काढलंत म्हनून वाचलो. न्हाईतर नोकरी गेलीच व्हती.”

साहेबांनी तोंड उघडलं. चूक आपलीच होती हे आता सांगतील, असं मला वाटलं.

“हात कसा आहे?” एवढंच ते म्हणाले.

तो गेल्यावर पेढा हातात तसाच धरून ते बसले होते. कान लाल झाले होते. “अरे, त्याने मला शिव्या घालायला हव्या होत्या,” ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी कुणाला खुर्चीवर बसवलं नाही. काही महिन्यांनी नोकरी सोडली, निरोपसमारंभही नको म्हणाले.

पुढे एकदा कॅन्टीनमध्ये तोच माणूस माझ्या शेजारी बसला. डाव्या हाताने जेवत होता.

“साहेब दिसत न्हाईत हल्ली? देवमानूस, बगा.”

माझी मान वर होईना.

“हो ना,” मी म्हणालो.