निकृष्ट शिलाईचा शेरा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चादरवाल्या मावशी शहाण्याच होत्या, तरी चढल्या. आणि का चढल्या ते त्यांच्या वकीलबाईंखेरीज कुणालाही धड ठाऊक नव्हतं.

दोन मजले चढून गेलं की त्यांचा कारखाना लागतो. एक लांबट खोली, खिडक्यांच्या बाजूला नऊ मशिनं, त्यातल्या एकावर त्यांची नणंद, मधे कापड बेतायचं टेबल. तीस वर्षं इथून दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या खोलीतली हिरवी कापडं बाहेर पडतायत. नवरा गेला तेव्हा एकच मशीन होतं आणि लोक म्हणाले, ही आता काय करणार? त्या लोकांपैकी निम्मे पुढे ज्या दवाखान्यांत पडले, तिथे मावशींच्याच चादरीवर पडले. हे मावशी स्वतः सांगायच्या, आणि सांगताना हसायच्या नाहीत.

त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक चादरीच्या उजव्या कोपऱ्यात, दुमडीच्या आत, बोटभर पट्टी शिवलेली असायची. पट्टीवर धुऊन न जाणाऱ्या शाईने शिवणारीचा नंबर आणि महिना. बाहेरून काही दिसत नसे, फक्त अंगठा फिरवला तर किंचित जाडी लागे. कधी शिवण उसवून चादर परत आली की पट्टी काढून बघायची, आणि जिची असेल तिला बोलावून घ्यायचं. "उगाच सगळ्यांना कशाला बोलायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी नको," असं त्यांचं म्हणणं.

मोठ्या सरकारी रुग्णालयाचं टेंडर निघालं तेव्हा मावशींनी रीतसर फॉर्म भरला. त्यात एक अट होती: ज्याच्याकडे कापड कापायचं स्वयंचलित मशीन, त्याला दहा गुण जास्त. मावशींकडे कात्री होती. दुसरी अट अशी, की नमुन्याची चादर स्वतःच्याच कारखान्यात शिवलेली हवी. मावशींनी नमुना स्वतः शिवला, मशिनवर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही.

काम मिळालं एका व्यापाऱ्याला. मावशींच्या नमुन्यापुढे समितीने शेरा मारला होता, 'शिलाई निकृष्ट'. व्यापाऱ्याच्या नमुन्यापुढे 'उत्कृष्ट'.

काम गेल्याचं मावशींनी कारखान्यात सांगितलं. शेरा मात्र सांगितला नाही. नऊ बायकांसमोर तो शब्द तोंडातून निघेना. काम आज जातं, उद्या येतं. पण हा शब्द सरकारी फायलीत राहणार होता, आणि तो त्यांच्या जिव्हारी लागला होता.

नियमाप्रमाणे सगळ्यांचे नमुने बघायचा हक्क होता. मावशी रुग्णालयाच्या ऑफिसात गेल्या. कारकुनाने व्यापाऱ्याची चादर टेबलावर टाकली. मावशींनी ती उलगडली, कोपरा धरला, अंगठा फिरवला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. कुठल्याशा दुकानातून मावशींचीच चादर उचलून त्या गृहस्थांनी वरचं लेबल काढलं होतं आणि आपलं लावलं होतं. दुमडीला आतली बाजूही असते, हे जन्मात सुई न धरलेल्या माणसाला कसं माहीत असणार!

दुसरी एखादी तिथेच भांडली असती. मावशींनी चादर नीट घडी केली आणि कारकुनाला म्हणाल्या, "दादा, ही परत पाकिटात घाला, सील करा. वर तुमची सही, खाली माझी. उद्या कुणी म्हणायला नको की मी काही केलं."

"बरोबर आहे मावशी," कारकून म्हणाला, आणि खुशीत सील लावलं. आपण कशावर सही करतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

वकीलबाई वयाने लहान, बोलायला स्पष्ट. "मावशी, आधीच सांगते. अटी काय ठेवायच्या हा सरकारचा अधिकार. मशीनवाली अट कोर्ट बहुधा काढणार नाही. कुणाची चादर चांगली हेही कोर्ट ठरवत नाही. सगळ्यांना एकच माप लावलं की नाही, तेवढंच बघतं."

"मला तेवढंच हवंय," मावशी म्हणाल्या. "आणि तो शेरा जायला हवा."

सुनावणीला दोन न्यायमूर्ती होते. दहा गुणांचा मुद्दा पाच मिनिटांत निकालात निघाला. अट कामाशी संबंधित आहे, आम्ही हात घालणार नाही, म्हणाले. मावशींनी मान हलवली. मग पट्टीचा मुद्दा आला. पट्टी कुठे, किती लांब, तिच्यावर काय लिहिलेलं असतं, हे सगळं मावशींनी आधीच प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं होतं. सरकारी वकील उठले, कोर्ट म्हणजे शिंप्याचं दुकान नव्हे म्हणाले. वडील न्यायमूर्तींनी पाकीट मागवलं, दोन्ही सह्या बघितल्या, सील शाबूत असल्याची नोंद करायला लावली आणि कोर्टाच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "तो कोपरा उघडा."

अधिकाऱ्याने ब्लेड आणलं. मावशी चटकन उभ्या राहिल्या. "साहेब, असं नको, कापड फाटेल. आधी एक टाका तोडा, मग दोरा ओढा."

"तुम्ही हात लावायचा नाही," न्यायमूर्ती म्हणाले, "पण सांगत राहा."

त्या सांगत राहिल्या आणि अधिकारी घाम पुसत उसवत राहिला. टाके इतके घट्ट होते की बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मावशींना आयुष्यात कधी नव्हे इतका अभिमान वाटत होता. पट्टी निघाली. अधिकाऱ्याने मोठ्याने वाचलं, "चार. खाली महिना."

चार म्हणजे नणंद. जिच्या कामात मावशी रोज खोट काढायच्या, ती.

"चादरीतलं आम्हाला कळत नाही, आणि ते ठरवणं आमचं कामही नाही," न्यायमूर्ती सरकारी वकिलांना म्हणाले. "पण एकाच कारखान्याची शिलाई एकाच्या नावावर निकृष्ट आणि दुसऱ्याच्या नावावर उत्कृष्ट कशी, एवढं समितीने सांगावं." समितीचे अध्यक्ष मागच्या बाकावर होते. ते मांडीवरच्या फायलीची पानं उलटायला लागले.

आदेश तिथेच सांगितला गेला. व्यापाऱ्याचं कंत्राट रद्द. तो या टेंडरमधून बाद. शेरा रद्द. बाकीच्यांनी नवे नमुने द्यावेत आणि तपासताना नावं झाकावीत. दहा गुण तसेच राहणार.

"काम अजून तुमचं झालेलं नाही हं," वकीलबाईंनी बाहेर आल्यावर बजावलं.

"ते बघू," मावशी म्हणाल्या.

कारखान्यात पोचल्या तेव्हा सगळी मशिनं चालू होती. मावशींनी ती थांबवायला लावली आणि बेतायच्या टेबलापाशी उभं राहून पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. आपली शिलाई निकृष्ट, असं समितीने लिहिलं होतं, म्हणाल्या. मग तो आजच कसा खोडला गेला तेही सांगितलं. पट्टीवर कुणाचा नंबर निघाला, ते शेवटी.

नणंदेने मान वर केली. "म्हणजे वहिनी, तुमची नापास आणि माझी पास?"

सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवले नाहीत.

"हो, तुझीच पास," त्या म्हणाल्या. ठाणातून कापड ओढून त्यांनी नणंदेच्या मशिनवर ठेवलं. "नवा नमुना तू शिव."

नणंद कापडाकडे बघत राहिली. "आणि दहा गुण? ते तर आपल्याला नाहीतच."

"नाहीत ना. म्हणून तर तू शिव."

नणंदेने हात पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि सुईत दोरा घातला.