द्या काय द्यायचं ते

धंदा सुरू करायला काय लागतं, असं हल्ली लोक मला विचारतात. मी सांगतो, एक ड्रिल मशीन आणि थोडा निर्लज्जपणा. मशीन माझ्याकडे पहिल्यापासून होतं. दुसरी गोष्ट अंगी आणताना मात्र माझा घाम निघाला.

तळोज्याच्या ज्या कारखान्यात मी बावीस वर्षं खरेदी विभागात होतो, तो मालकाने गुजरातला हलवला. पन्नाशीला टेकल्यावर मला गुजरात नको होतं आणि गुजरातलाही मी नको होतो. बायको शाळेत शिकवते, त्यामुळे घर चालत होतं. पण मेहुण्याने नाशिकच्या त्याच्या गोदामात नोकरी देऊ केली, तेव्हा आमच्यात तह झाला. दिवाळीपर्यंत माझा धंदा उभा राहिला तर ठीक. नाहीतर मी एकट्याने नाशिकला राहायचं आणि शनिवारी पनवेलला यायचं. लेक दहावीत होती, तिला सोडून जायचं जिवावर आलं होतं. शिवाय मेहुण्याला ‘साहेब’ म्हणायच्या कल्पनेनेच अन्न गोड लागत नव्हतं.

धंदा निवडताना मी फार डोकं चालवलं असं नाही. माळ्यावर मशीन होतं, खाली स्कूटर होती, आणि बेलपाड्यापासून ओवे गावापर्यंत जिकडेतिकडे नव्या इमारती. नव्या घरात गेलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच पडदे लावायचे असतात आणि एवढ्याशा कामाला कोणी कारागीर येत नाही. ‘उद्या येतो’ म्हणतो आणि फोन उचलायचा बंद करतो. मी सांगितलेल्या वेळेला जायचो. एवढंच माझं भांडवल.

स्वस्तात कसं भागवायचं ते मात्र लवकर कळलं. दुकान घेतलं नाही, कार्डं छापली नाहीत. विजेच्या बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला माझ्या नंबराची चिठ्ठी चिकटवून यायचो, कारण घरात काही बिघडलं की माणूस पहिल्यांदा तेच झाकण उघडतो. भोक पाडायच्या जागेखाली जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट चिकटपट्टीने लावलं की सगळी धूळ त्यात पडते. लोक भोक बघत नाहीत, फरशी बघतात. आणि कामं तीनच घ्यायची: पडद्यांचे रॉड, आरसे आणि कपडे वाळत घालायच्या दांड्या. नळाच्या आसपास फिरकायचं नाही. हा शेवटचा नियम मी एका गृहस्थांच्या बाथरूममध्ये कारंजं उडवल्यानंतर केला.

सगळं जमलं, पैसे मागणं जमेना. बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे भाव पाडत आलो होतो, समोरचा रडकुंडीला येईपर्यंत. पण कोणी “किती झाले?” विचारलं की माझ्याच तोंडाला कुलूप. मी मशीन पुसत पुसत म्हणायचो, “द्या काय द्यायचं ते.” ओळखीचं कोणी असलं तर वर “राहू द्या हो, शेजारधर्म आहे,” असंही. लोक चांगले होते. कोणी पोहे दिले, कोणी बेसनाचे लाडू, एका आजोबांनी तोंडभरून आशीर्वाद दिले. पेट्रोल पंपावर यातलं काहीच चालत नाही. विचित्र म्हणजे, ज्यांचं काम फुकट केलं त्यांच्याकडून पुन्हा कधी बोलावणं यायचं नाही. काय कृतघ्न माणसं आहेत, असं मी घरी येऊन चरफडायचो.

“अहो, आरशासमोर उभं राहून सराव करा,” बायको म्हणायची. “शंभर रुपये. दोनच तर शब्द आहेत.”

आरशासमोर जमायचं. आरसा कुठे घासाघीस करतो!

दसरा झाला आणि घरात पुन्हा मासे यायला लागले. पनवेलच्या बाजारात आम्ही वर्षानुवर्षं ज्या मावशींकडून मासे घेतो, त्या करंजा बंदराहून येतात. त्यांनी मुलासाठी ओवे गावाजवळच्या नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. माझा उद्योग बायकोकडून कळल्यावर त्यांनी मला फर्मावलं, “सा रॉड हायेत. बाजाराच्या आदी ये.”

सकाळी सातला मी हजर झालो. दोन तासांत सहा रॉड लागले. धूळ पाकिटात, पाकीट माझ्या पिशवीत. मावशींनी कमरेची पिशवी सोडली. “किती?”

“तुमच्याकडून काय घ्यायचे, मावशी!”

मावशी भडकल्याच. “सकालची भवानी हाय तुजी, आन् फुकट? डोकं ठिकान्यावर हाय ना?”

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती रोख पैशातच व्हायला हवी, मग दिवस चांगला जातो. पहिल्या गिऱ्हाइकाची नोट मावशी कपाळाला लावतात, हे मी इतकी वर्षं बघत होतो. माझ्याही धंद्याला भवानी असते, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

“मी कवा तुला बोल्ले, पापलेट घे आन् द्या काय द्यायचं ते?” त्यांनी विचारलं.

मी डोळे मिटले आणि म्हणालो, “सहाशे.”

“साशे? लुटतोस काय रं! चारशे घे.”

चारशे ऐकलं आणि माझ्यातला खरेदी विभाग खडबडून जागा झाला. हा खेळ मला येत होता, फक्त आज मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो. भिंत किती कडक होती ते सांगितलं, ड्रिलचं बिट झिजल्याचं दाखवलं. मावशींनी बाजूच्या इमारतीतला एक काल्पनिक मिस्त्री काढला, तो म्हणे तीनशेत करतो. शेवटी साडेपाचशेवर सौदा जमला. मला इतका आनंद झाला की मी त्यातली पाचशेची नोट खरंच कपाळाला लावली.

“आता आइक,” मावशी म्हणाल्या. “त्यो मदला रॉड वाकडा हाय.”

“मग मघाशी का नाही बोललात?”

“मगाशी तू फुकट करत होतास. फुकटवाल्याशी भांडू कशी? आता पैसे दिले, आता भांडते.”

रॉड खरंच वाकडा होता. पातळी बघायची पाणसळ घ्यायचे पैसे वाचवायला मी छतापासून माप घेत होतो आणि छतच एका बाजूला उतरलेलं होतं. तो रॉड काढून पुन्हा सरळ लावला. पण स्कूटर सुरू करता करता डोक्यात आलं, ज्या घरांतून पुन्हा बोलावणं आलं नव्हतं, तिथे काय काय लटकत असेल?

तडक आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे गेलो. त्यांचा मोठा आरसा मी शेजारधर्म म्हणून लावला होता. भिंतीवर आरसा नव्हता. तो पलंगाखाली होता.

“पहिल्याच महिन्यात हलायला लागला हो,” वहिनी ओशाळून म्हणाल्या. “पण तुम्ही एक पैसा घेतला नव्हता, मग सांगणार कसं? दुसऱ्या कोणाला बोलवावं तर तो तुम्हाला जिन्यात दिसायचा.”

चार महिने त्या बाई लिफ्टमधल्या आरशात बघून भांग पाडत होत्या. मला लाज वाटली, अगदी मनापासून. मी ज्याला माझा मोठेपणा समजत होतो, त्याने त्यांचं तोंड बांधून ठेवलं होतं.

त्याच दिवशी पाणसळ विकत घेतली. बाकी सगळीकडे काटकसर करा, तिथे नको. मग एकेक करत सगळ्या फुकट्या घरांचे दरवाजे वाजवले आणि दारातच सांगून टाकलं, “आधीचं काही बिघडलं असेल तर फुकट दुरुस्त करतो, चूक माझी आहे. नव्या कामाला रॉडमागे शंभर.” लोकांचे चेहरे असे मोकळे झाले! वहिनींनी आरसा लावून घेतला आणि लगेच बाल्कनीची दांडी दाखवली, मग देवघराच्या पडद्याचा रॉड, मग जाऊबाईंचा पत्ता. आजोबांनी सहा महिन्यांची तुंबलेली यादीच काढली. त्यांनी घासाघीसही केली. मी उतरलो नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मेहुण्याचा फोन आला, तेव्हा मी हेल्मेट घालून दारात उभा होतो. फोन बायकोने घेतला. ती माझ्याकडे बघून हसली आणि त्याला म्हणाली, “नाही रे, त्यांना वेळच नाही.”

आठ महिन्यांत माझ्याबद्दल हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. हेल्मेटची काच खाली ओढून मी जिना उतरलो, कारण डोळे भरून आले होते आणि नऊ वाजता बेलपाड्यात पोचायचं होतं.