कोपराला कोपर सापडेना

मागच्या महिन्यात सलग चार रात्री मला झोप लागली नाही. कारण कोपर. माझं नव्हे, रोबोटचं.

शिरवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात आम्ही रोबोटच्या हाताचे सांधे बनवतो. मुलगी जरा मोठी झाल्यावर मी कामावर परतले, त्याला वर्ष होत आलं होतं, आणि हे कोपर म्हणजे साहेबांनी एकट्या माझ्या हवाली केलेला पहिला सांधा. शुक्रवारी पुण्याहून गिऱ्हाईक बघायला येणार होतं आणि कोपर मधेच झटके देत होतं. ते चाललं नाही तर साहेब पुन्हा बाहेरून तयार सांधे मागवणार आणि मी पुन्हा घरी बसणार, हे कुणी बोलत नव्हतं. मी मात्र ते दिवसभर ऐकत होते.

आमच्याकडे काम अडलं की किस्से वाढतात. ड्रॉवरमध्ये हवी ती सोडून स्क्रू फिरवायच्या बाकी सगळ्या ॲलन की साठतात ना, तसे. त्यातले थोडे सांगते.

०

सांधा किती वळला हे रोबोटला आपोआप कळत नाही. त्यासाठी फिरणाऱ्या दांड्याच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढं गोल चुंबक चिकटवतात आणि त्याच्यासमोर एक चिप बसवतात. चुंबक फिरलं की चिप कोन सांगते. हे मी सासूबाईंना शक्य तितकं सोपं करून सांगितलं. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या.

"म्हंजे सोताचं कोपर कुठं हाय ते सांगाय त्याला दुसरं कुणीतरी लागतं?"

"तसंच काहीसं, आई."

"मंग तुज्या नवऱ्याला बी एक बसीव. चष्मा डोक्यावर आन् घरभर हुडकतंय."

०

आमच्याकडे असेंब्ली बघतात ते माने काका. गाव वडूज, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर. गुडघेदुखीवर उपाय म्हणून त्यांनी जत्रेतून चुंबकाचं कडं आणलं आणि मनगटात घातलं. दोन दिवस आमचा रोबोटचा हात उगाच दचकत होता. मी सगळ्या वायरी बदलल्या, चिप बदलली. मग लक्षात आलं की काका जवळ आले की हात दचकतो, चहाला गेले की गप्प.

"काका, ते कडं काढा बघू."

काढलं. हात शांत.

"आवं ताई, पन माजा सांधा लय बरा झालाय की यानं."

"आणि माझा बिघडलाय."

काकांनी थोडा विचार केला. "मंग दोनातला एकच बरा ऱ्हानार. कंपनीचा घ्या."

तेव्हापासून रोज सकाळी ते कडं दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवतात, "हत्यार जमा" म्हणतात आणि लंगडत आत येतात. मी बघत नसले की नीट चालतात.

०

खंडेनवमीला आम्ही रोबोटच्या हाताचीही पूजा केली. बंद मशीनची पूजा म्हणजे झोपलेल्या माणसाला नैवेद्य, असं काकांचं मत. म्हणून हात चालू ठेवला, आणि हार घालता यावा म्हणून पुढं वाकवला. पॅनलवर कुंकू सांडलं, ते काकांनी रुमालानं पुसलं. पुसताना 'शून्य'चं बटण दाबलं गेलं. हे बटण हाताला सांगतं की आत्ता जसा आहेस तसा तू सरळ आहेस.

दुसऱ्या दिवशी सुरू केल्यावर हात सावकाश उठला आणि साहेबांपुढं वाकून तसाच उभा राहिला. मी दुरुस्त करायला धावले. साहेब सांगलीचे.

"ऱ्हाऊ द्या ओ ताई," ते म्हणाले. "आमच्या जावयानं एवढा वाकून कवा नमस्कार केला न्हाई."

शून्य मी जागेवर आणलं. पण सुरू होताना एक नमस्कार प्रोग्रॅममध्ये कायमचा राहिला.

०

आमची चुंबकं दिसतात साध्यासारखीच, पण असतात वेगळी. साध्या चुंबकाची वरची बाजू उत्तर, खालची दक्षिण. ते जागच्या जागी कितीही फिरवा, चिपला पत्ता लागत नाही. आमच्यात उत्तर-दक्षिण शेजारीशेजारी असतात, भाकरीचे दोन तुकडे जोडून ठेवावेत तसे. उत्तरेची बाजू कळावी म्हणून मी तिथं मरून नेलपॉलिशची टिकली लावते. मार्कर पुसला जातो.

कोपर जोडायच्या आदल्या रविवारी टिकल्या लावायला दहा चुंबकं घरी आणली होती. चार वर्षांची ओवी तिची गुलाबी चमकीची नेलपॉलिश घेऊन शेजारी बसली. लहान मूल आणि चुंबक एका खोलीत म्हणजे माझा जीव टांगणीला. गिळलं तर? मधे कुकर बघायला उठले, तेही डबी सासूबाईंच्या ताब्यात देऊन. परत आल्याबरोबर मोजायला बसले. ओवी काहीतरी सांगायला लागली.

"मी मोजत असताना बोलायचं नाही."

दहा. पुन्हा मोजली, दहा. तिसऱ्यांदाही दहाच. मग मी श्वास घेतला.

०

कोपर झटके द्यायला लागलं तेव्हा सगळ्यांनी आधी काकांच्या मनगटाकडं पाहिलं. कडं खिळ्यावरच होतं.

"खिसं बी तपासा," काका म्हणाले. त्यांना लागलं होतं.

गुरुवारी ते घरून फौजेतलं जुनं होकायंत्र घेऊन आले. आम्ही हाताचे सांधे उघडले. खांद्याचं चुंबक हातानं फिरवलं, तशी सुई त्याच्या मागं मागं फिरली. कोपराचं फिरवलं. सुई ढिम्म.

"ताई, ह्यो गडी परेडला हुबा हाय, पन हाय दुसऱ्या पलटनीचा."

मी भिंग लावून पाहिलं. टिकली गुलाबी होती. चमकीची.

"सप्लायरला झाडू का?"

"नको काका. सप्लायर लहान आहे."

काकांनी भिंग घेतलं, पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. बाहेर गेले, खिळ्यावरचं कडं मनगटात घातलं आणि दारातच खुर्ची टाकून बसले.

०

शुक्रवारी नव्या चुंबकावर कोपर दिवसभर बिनतक्रार चाललं. सुरुवातीला हातानं नमस्कार केला, तेव्हा पुण्याच्या पाहुण्यांनीही नकळत हात जोडले. जाताना ते साहेबांशी पुढच्या सांध्यांचं बोलत होते. साहेब मला एवढंच म्हणाले, "ताई, आता खांदा बी तुमीच बघा."

घरी आले तर फ्रिजवर महाबळेश्वरहून आणलेली आमची चुंबकाची स्ट्रॉबेरी तिरकी लटकत होती. उलटी करून पाहिली. मागं मरून टिकली.

"ओवी, आईचं चुंबक घेतलंस तू?"

"घेतलं नाही, बदललं. तुझं नीट चिकटत नव्हतं. माझं स्ट्रॉबेरीचं लय घट्ट होतं, म्हणून ते तुला दिलं."

"अगं, मग मला सांगायचं ना."

"सांगत होते. तू मोजत होतीस."