चिवट वेल

आमच्या घरात सुपारी ठेवायला एक कासव होते. उक्षीच्या वेलांचे, माझ्या वहिनींनी विणलेले. पाठीवरचे झाकण उचलले की आत सव्वाशे सुपाऱ्या राहत. मी भरून पाहिल्या आहेत. देवघरात फुलांसाठी मोर होता. माजघरात खुंटीला एक गाय टांगलेली असे, तिच्या पोकळ पोटात उन्हाळ्यातले पापड ठेवीत. वहिनींचे माहेर मलंगगडाच्या पायथ्याशी. तिकडच्या रानात उक्षी पुष्कळ. तिथल्या बायका तिच्या टोपल्या करीत, वहिनी तिची जनावरे करीत.

साधी टोपली बुडापासून विणायला घेतात. वहिनी कण्यापासून घेत. विहिरीजवळच्या दगडी डोणीत वेल भिजत घालायचा, मऊ झाला की आधी एक लांब कणा वाकवायचा, त्याला बरगड्या अडकवायच्या, मग त्यांतून बारीक वेल खालीवर काढत जायचे. तोंड सगळ्यांत शेवटी. मापाला दोरी नाही की काठी नाही, नुसती वीत. ओला वेल सुकताना आवळत जातो आणि करकरतो. दुपारी सगळे जेवून आडवे झाले म्हणजे माजघरातून तो आवाज येई. माझी काकू म्हणे, "हिच्या टोपल्या माणसाकडे बघतात गं बाई. मी तर मोरातली फुलं पाठमोरी होऊन काढते."

मी मिठाच्या खात्यात कारकून होतो. मिठागरांवर जाऊन ढिगांची मापे घ्यायची, हे माझे काम. एखादी गोष्ट मोजून झाली की ती माझ्या मनात जागेवर बसते. पण आमच्याच घरातला एक माणूस असा होता की तो कोणत्याच बाजूला मांडता येत नव्हता.

तो माझा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा. एकोणिसाव्या वर्षी तो कल्याण बंदरातून भाताच्या मचव्यात बसून ठाण्याला निघाला. भरतीसाठी मचवा कोलशेतला थांबला, तेव्हा "तंबाखू घेऊन येतो" म्हणून उतरला आणि तिवरांच्या आडच्या पायवाटेने गेला. खलाशी पाणी उलटेपर्यंत थांबले. मागाहून आम्ही चौकशी केली तर गावातला वाणी म्हणाला, असा कोणी माझ्याकडे आलाच नाही. प्रेत मिळाले नाही, पागोटे मिळाले नाही, एक जोडासुद्धा नाही. वहिनी तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. सासरी येऊन त्यांना वर्षही पुरते झाले नव्हते.

माणसाची बारा वर्षे काही बातमी नसेल तर पळसाच्या देठांचा त्याचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा आणि त्याचे दिवस करावेत, असे शास्त्र आहे. बारा वर्षे भरली तसे काकांनी घरात विषय काढला. आमचे आईवडील गेलेले, काकाच कर्ते.

"तो पितरांत नाही न् माणसांत नाही," काका म्हणाले. "उंबऱ्यात अडकलाय. मग घरात पाळणा हलेल कसा?"

हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटले. माझे पहिले मूल पाचवीच्या आधीच गेले होते आणि पत्नीला पुन्हा सातवा महिना होता. मलाही हे एकदाचे मिटायला हवे होते. पण पुतळा जळाला की वहिनी विधवा होणार, हे सगळ्यांना दिसत होते. कुंकू जाणार, बांगड्या फुटणार. न्हाव्याला काकांनी आगाऊ सांगूनही ठेवले होते. चोविसाव्या वर्षी केस उतरवून, लाल आलवण नेसून त्यांना माजघराचा कोपरा धरायचा होता.

भटजींनी ओटीवर बसून कृती सांगितली. देठ तीनशे साठ. डोक्याला चाळीस, मानेला दहा, असे करत पायांच्या बोटांपर्यंत सगळे वाटून दिलेले. शेवटी म्हणाले, "नुसते देठ काही धरून राहायचे नाहीत. आत वेलाचा सांगाडा करा."

"कोणत्या वेलाचा?" वहिनींनी दाराआडून विचारले.

"कोणताही घ्या हो. चिवट असला म्हणजे झालं."

"मग मीच विणते. त्यांचं माप मला ठाऊक आहे."

काकू कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, नवऱ्याचं मढं कुणी आपल्या हातानं विणतं का?"

"दुसऱ्या कुणाच्या हातानं विणायचं, काकूबाई?"

पत्रावळींची पाने आणणाऱ्या बाईने दुसऱ्या आठवड्यात पळसाचे देठ आणून टाकले. वहिनींनी गोठ्याशेजारची खोली सारवली, तिथे एक बाज टाकली आणि काम सुरू केले. या खेपेस डोणीत वेल भिजत नव्हता. मी ते पाहिले. मनात म्हटले, श्रावण आहे, वेल ओलाच असेल.

पुतळा झाला तेव्हा देठ मोजायला मी गेलो. बरोबर तीनशे साठ भरले. बाहेरून सगळे पळसच दिसत होते, आतला वेल कुठेच दिसत नव्हता. डोक्याच्या जागी नुसता पिंजरा होता, त्यात नारळ बसायचा होता आणि डोळ्यांना कवड्या, ते विधीच्या दिवशी भटजी करणार होते. भाऊ गेला त्या वर्षी आईने त्याची उंची माजघराच्या चौकटीवर खाच पाडून ठेवली होती. मी दोरीने खाच मापली आणि पुतळा मापला.

"वहिनी, दोन बोटं जास्त झालाय."

त्या उरलेले देठ गोळा करीत होत्या. "एकोणिसाव्या वर्षी गेले ते, भावोजी. नंतर वाढले नसतील का?"

मी दोरी गुंडाळली. निघताना पुन्हा पाहिले तेव्हा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली दिसला. भाऊ लहानपणी आंब्यावरून पडला होता, तेव्हापासून त्याचा डावा खांदा थोडा उतरलेला असे. सदऱ्यातून ते कुणाला कळत नसे. मीसुद्धा विसरून गेलो होतो. वहिनींनी त्या वर्षभरात नवऱ्याला मान वर करून पाहिले तरी किती वेळा असेल?

विधी दोन दिवसांवर आला आणि भटजींच्या भाऊबंदांत कोणी वारले. त्यांना सुतक आले, तेवढे दिवस आमचे काम पुढे गेले. पुतळा बाजेवर तसाच राहिला. खोलीचे दार ओढून घेतलेले असे. काकू त्या बाजूला जाईना, गडी गोठ्याचे काम आटपून घाईने बाहेर येई.

एका दुपारी पत्नी मला म्हणाली, "तो आवाज येत नाही हो."

"कसला?"

"वेल सुकल्याचा. वहिनींनी काहीही केलं की आठ-दहा दिवस करकरत असतं. हे मुळीच वाजत नाही."

मी कान देऊन ऐकले. गोठ्यात गाय रवंथ करीत होती तेवढे ऐकू येत होते. त्या भिंतीपलीकडे काही नव्हते. आवाज नसल्याची भीती वाटते, हे मला त्या दुपारी कळले.

सुतक फिटल्यावर भटजी सकाळीच आले. नारळ, कवड्या, दर्भ सगळे ताटात होते. काकांनी दार ढकलले आणि तिथेच थांबले.

पुतळ्याच्या छातीतून पाने आली होती. देठांच्या फटींतून वर निघालेली, हिरवी, मऊ, विड्याच्या पानाच्या आकाराची. पोटावर थोडी, मानेजवळ दोन आणि सगळ्यांत दाट छातीवर. आम्ही वाकून पाहिले तर पाठीतून आणि मनगटांतून पांढऱ्या सुतासारख्या मुळ्या निघून बाजेच्या काथ्यातून खाली लोंबत होत्या. काही जमिनीला पोचल्या होत्या.

"धर रे," काका मला म्हणाले. त्यांनी डोक्याकडून आणि मी पायांकडून उचलायला घेतले. पुतळा उचलेना. जड होता असे नाही, खालून धरलेला होता. जरा जोर केला तेव्हा सारवणातून तटतट सुते तुटल्याचा आवाज आला. काकांनी हात काढून घेतले.

"गुळवेल!" भटजी म्हणाले. "ही कुणी घातली आत?"

"पानं खुडा न् चला," काका म्हणाले. "मुहूर्त टळतोय."

"तुम्ही खुडा. मी शिवणार नाही. अहो, अमृता म्हणतात हिला. पालवी फुटलेल्या देहाला मंत्राग्नी देऊ? जिवंत माणूस जाळल्याचं पाप माझ्या माथी घेऊ?"

"मग दुसरा पुतळा करू."

"दुसरा कुणाचा? याचं नाव घेऊन, याच्या मापानं हा देह केलात, तो जिवंत निघाला. आता त्याच माणसाचा दुसरा देह कुठून आणता?"

वहिनी दारात उभ्या होत्या. कपाळावरचे कुंकू नेहमीपेक्षा मोठे नव्हते की लहान नव्हते. शांतपणे म्हणाल्या, "भटजी, चिवट तुम्हीच सांगितला होता."

भटजींनी ताट उचलले आणि ते निघून गेले. दोन दिवसांत ही गोष्ट बंदरापासून स्टेशनापर्यंत झाली. काकांनी आणखी दोन भटजींकडे माणूस पाठवला. एकाने प्रकृतीचे कारण सांगितले, दुसऱ्याने तेवढेही सांगितले नाही. न्हावी आपण होऊन सांगून गेला की मला या कामाला बोलावू नका.

काका म्हणाले, पुतळा खाडीत सोडा. पण हात लावायला गडी तयार होईना, आणि काका स्वतःही पुढे झाले नाहीत. शेवटी वहिनींनीच खालच्या मुळ्या मोकळ्या केल्या आणि त्याला कवेत घेतले. त्या ठेंगण्या, त्याचे पाय जमिनीवरून घासत जात होते. परसात कडुनिंब आहे, त्याच्या बुंध्याला टेकवून त्यांनी त्याला उभा केला. त्याच झाडावरून वेल कापून नेला होता, हे बुंध्यावरच्या ताज्या खुणांवरून मला तेव्हा दिसले.

पळसाचे देठ पुढच्या पावसाळ्यात कुजून गळून गेले. वेल राहिला. पुतळ्याच्या वर्षीच आश्विनात मला मुलगा झाला आणि तो जगला. काकांनी पुन्हा विषय काढला नाही.

कडुनिंबावरची गुळवेल तापावर गुणकारी, म्हणून आळीतले लोक काढ्याला मागायला येत. वहिनी नाही म्हणत नसत. "पायाकडची घ्या," एवढेच सांगत. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना तापाने फणफणला, तेव्हा मात्र त्यांनी स्वतः जाऊन वरचा तुकडा आणला. कुठला, ते मी विचारले नाही. ताप उतरला. तो मुलगा आता मोठा झाला आहे, आणि शिंपी म्हणतो, याच्या सदऱ्याचा डावा खांदा बोटभर उतरता शिवावा लागतो. तो झाडावरून कधी पडलेला नाही.

पुष्कळ वर्षांनी मी एकदा त्यांना विचारले. आम्ही दोघेच ओटीवर होतो, त्या कसलासा वेल सोलीत होत्या.

"वहिनी, गुळवेल कापून खुंटीला टांगली तरी फुटते. हे तुम्हांला ठाऊक नव्हतं का?"

"ठाऊक होतं की," त्या म्हणाल्या. मग हातातला वेल बाजूला ठेवला. "पण तो खांदा मी नव्हता हो पाडला, भावोजी. मी दोन्ही सारखे विणले होते."

वहिनी गेल्या मार्गशीर्षात गेल्या. भावाची बातमी शेवटपर्यंत आली नाही. बायकांनी त्यांना हिरवे लुगडे नेसवले, हातभर हिरव्या बांगड्या भरल्या, मळवट भरला, ओटी भरली. सवाष्ण म्हणून नेताना कोणीही शंका काढली नाही. आमच्या घरापासून खाडीची वाट परसातून जाते, त्यामुळे तिरडी कडुनिंबाखालून न्यावी लागली. वेल आता सगळ्या झाडावर पसरला आहे, त्यात माणसाचा आकार शोधून सापडत नाही. त्याच्या मुळ्या वरून सुतासारख्या लोंबतात, माणसाच्या खांद्यापर्यंत येतात. वारा नव्हता. तिरडी खालून जाताना थांबली.

मागचे खांदेकरी म्हणाले, "काय झालं?"

मी वर पाहिले. एक मुळी वहिनींच्या बांगड्यांत शिरून मनगटाभोवती दोन वेढे घालून बसली होती.

"तोडा हो ती, उशीर होतोय," कोणीतरी म्हणाले.

मी माझा खांदा दुसऱ्याला दिला आणि एकेक वेढा हळूहळू उलगडून काढला. तोडली नाही. तिरडी पुढे गेल्यावर मुळी पुन्हा आपल्या जागी सरळ लोंबू लागली.