थापांचा उपवास

उमरग्यात मी थापांचा ठोक व्यापारी. येडशीच्या जंगलात बिबट्यानं मला वाट दिली आणि वर शेपटीनं सलाम ठोकला. ढोकीला उलटणारी उसाची ट्रॉली मी एका खांद्यावर तोलली आणि मोकळ्या हातानं विडी पेटवली. हे इतक्यांदा सांगितलंय की थंडीत तो खांदा खरंच दुखतो. यंदा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास, सुरू होताना चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, "ईस्टरपर्यंत कोण काय सोडणार?" कुणी मटण सोडलं, कुणी चहा. माझी बायको सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्यांनी थापा सोडाव्यात." मंडळी अशी हसली की चर्चचे पत्रे चार बोटं वर उचलले. मीही इरेला पेटून शब्द दिला.

जमत होतं. ईस्टरला आठवडा उरला आणि आक्काचे रिपोर्ट आले.

आक्का माझी थोरली बहीण, घर तिचं हायवेकडेला. पोटात दुखतंय म्हणून तिला सोलापूरला नेलं होतं. डॉक्टरांनी दाजींना आणि मला आत बोलावून सांगितलं, आजार पसरलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, हातात थोडेच महिने आहेत.

बाहेर येताच दाजींनी माझा दंड धरला. "तिला कळता कामा नये. अल्सर हाय म्हणून सांगा."

"दाजी, माझा उपास..."

"वा रं पाव्हणं! जन्मभर फुकट थापा मारल्या, आन आज घरच्या कामाला पायजे तर उपास?"

शेवटी अल्सर दाजींनीच सांगितला. मी मात्र आक्कासमोर जाईनासा झालो. तिचं घर चुकवायला अख्ख्या गावाला वळसा घातला, कर्नाटकातनं फिरून बाजार केला म्हणा ना. फोन वाजू दिले. ईस्टरचा रविवार उजाडू दे फक्त, मग असा झकास अल्सर रंगवीन की डॉक्टरसुद्धा चाट पडतील!

गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना. मी शेवटच्या बाकावर, दाराला चिकटून. दुसरा उपदेश चालू असताना आक्का भिंत धरत आत आली, बायकांची बाजू सोडून सरळ पुरुषांत शिरली आणि माझ्याशेजारी बसली. पाळकसाहेबांचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

"फोन का उचलत न्हाईस?" ती कुजबुजली.

"रेंज..." मी जीभ चावली. "मुद्दाम."

"म्हणूनच आले. घरात समदे अल्सर म्हणत्यात. तुझे दाजी तर इतकं गोड बोलायलेत, लगीन झाल्यापासनं पयल्यांदा. तवाच मला शंका आली."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बांगडी पार कोपरापर्यंत घसरली.

"हैदराबादहून पोरगी फोन करती. म्हणती, आता सुट्टी न्हाय, नाताळला येते. तिला व्हय म्हणू, का आत्ताच बोलवू? खोटं न बोलणारा सध्या तू एकलाच हाईस. सांग."

"आक्का, रविवारी सांगतो."

"रविवारी मी इचारणारच न्हाय."

दार हातभर अंतरावर होतं. दरवर्षी मी याच चर्चमध्ये शुक्रवारी बसतो, पण मनानं रविवारच्या बिर्याणीत असतो. शेवट गोड हे ठाऊक असल्यावर शुक्रवार कुणाला जड जातो? टेकडीवर येशूच्या क्रुसापाशी उभ्या असलेल्या बायकांना मात्र तो रविवारी पुन्हा उठणार हे माहीत नव्हतं. तरी त्या उभ्या राहिल्या. पळाले होते ते शिष्य, आम्ही बाप्ये.

"आत्ताच बोलव," मी म्हणालो. "नाताळची वाट बघू नगंस."

"अल्सर न्हाय?"

"न्हाय."

तिची बोटं माझ्या गुडघ्यात रुतली, मग हळूहळू सैल झाली. "एवढंसं सांगायला आठवडा लावलास व्हय रं?"

माझ्या खांद्याचा आधार घेत ती बाहेर अंगणात आली. नंबर तिनंच लावला. पलीकडून भाचीचा आवाज आला, "आई? काय झालं?"

आक्कानं फोन माझ्यापुढं धरला.

माझ्या गळ्यात अल्सर तयार होता, गरमागरम. तो तसाच गिळला.

"मामा बोलतोय," मी म्हणालो. "पोरी, आधी बस कुठंतरी. बसून ऐक."